समोरचं फूल

शाळेत चित्रकलेच्या बाईंनी एकदा टेबलावर जास्वंदीचं फूल आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "मनातलं नको, समोरचं काढा." तोवर आमच्या वहीतलं फूल म्हणजे मधे एक गोल आणि भोवती पाच पाकळ्या. माझ्या बारा रंगांच्या पेटीत लाल एकच होता. समोरच्या फुलात मात्र लाल किती तरी निघाले. कडेला नारिंगीकडे झुकणारा, घडीत गर्द, देठापाशी जवळजवळ काळपट. मधल्या दांड्याच्या टोकाला पाच इवले ठिपके. आमच्या दारातच जास्वंद होती, पण ते ठिपके मला त्या तासाला दिसले. तेव्हापासून रंगीत पेन्सिल हातातून सुटलेली नाही.

वडील पिंपरीत कारखान्यात होते. पुढे डिप्लोमा करून मीही चाकणला सुट्या भागांच्या तपासणी विभागात लागले. गेज लावायचं, भाग बसला तर पुढे, नाही तर बाजूला. कारखान्यात राहून फुलं कशी काढतेस, असं लोक विचारतात. माझा अनुभव असा, की डोळ्याला शिस्त लावली ती या कामानेच. कडेवर राहिलेला धातूचा केसाएवढा काटा, म्हणजे बर, शोधणाऱ्या नजरेला बहाव्याच्या फुलातले दहा पुंकेसर सुटत नाहीत, आणि त्यांतले तीन लांब, वर वळलेले आहेत हेही लगेच कळतं. फरक एवढाच, की इथे वेगळेपण बाजूला काढायचं नसतं. त्याचंच तर चित्र काढायचं असतं.

नोकरीतल्या पहिल्या पगारांपैकी एकातून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जलरंगी पेन्सिली आणल्या. त्यांतला रंग पाण्यात विरघळतो. कोरडी रेघ ओढायची, मग ओल्या ब्रशने ती पसरायची. साध्या रंगीत पेन्सिलीत मेण असतं, म्हणून तिची रेघ पाण्याला दाद देत नाही. या दोन स्वभावांची मी जोडी लावते. पाकळीवरच्या फिकट शिरा आधी साध्या पेन्सिलीने जोर देऊन ओढायच्या, वरून जलरंगी पेन्सिलीचा ओला हात फिरवायचा. शिरा जागच्या जागी राहतात. पिवळा रंग फार हळवा. बहाव्याच्या सावलीला काळा लावला की फूल मळतं, तिथे पोपटी आणि गेरू लागतो. तगरीचं पांढरं तर कागदाचंच असतं, आपण रंगवायची ती भोवतीची हिरवी पानं.

खरी घाई मात्र फुलाला असते. तोडलेलं फूल पेल्यात ठेवलं तरी तासाभरात वळतं. म्हणून आधी पाकळ्या, मग कळ्या, पानं शेवटी. एप्रिल-मे महिन्यांत प्राधिकरणातल्या रस्त्यांवर ताम्हण फुलतं. आपल्या राज्याचं हे फूल, सहा चुरगळलेल्या पाकळ्यांचं. त्याचा जांभळा उन्हाबरोबर उतरत जातो, तेव्हा मी सकाळीच बसते.

पिंपरीच्या या परिसराला कारखान्यांचा पट्टा म्हणतात. पण फुलं समोर ठेवून काढण्याचं काम इथे कारखान्यांच्या कितीतरी आधी झालं आहे. मुळा-पवनेच्या संगमाजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन १८३८पासून तिचे अधीक्षक होते, आणि पुढे १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून दीडशेवर वनस्पतींची जलरंगातली चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नॉल्टी यांनी त्यांवर 'द दापुरी ड्रॉइंग्ज' (दापुरी म्हणजे दापोडी) हे पुस्तक २००२ साली लिहिलं. गिब्सन यांचं नाव राहिलं, बागेचं राहिलं. ज्याच्या हाताने पाकळ्या उमटल्या, तो पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. त्याचं नाव मिळत नाही.

दापोडीवरून जाताना मला त्याची आठवण येते. कोमेजणाऱ्या फुलापुढे त्यालाही घाई झाली असेल, पानं त्यानेही मागून रंगवली असतील. वनस्पतिशास्त्राला उपयोगी पडावं इतकं नेमकं पाहणारा तो माणूस मला माझ्या व्यवसायातला वाटतो. नीट पाहणं हे कष्टाचं काम आहे, आणि कष्ट करणाऱ्याचं नाव कामावर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी आमच्या सोसायटीतली मुलं चित्रं काढायला येतात. छापील फुलात रंग भरायला मी त्यांना देत नाही. ज्याने त्याने आपलं फूल आणायचं. घाणेरी चालते, धोतरा चालतो, कंपनीच्या कुंपणावरची रुईसुद्धा चालते. चित्र झालं की खाली तीन गोष्टी लिहायच्या: फूल कुठे मिळालं, तारीख कोणती, आणि काढणाऱ्याचं पूर्ण नाव. नाव लिहिलं नसेल तर चित्र पूर्ण झालं असं मी मानत नाही.