दोन तारखेची रात्र

1992 च्या उन्हाळ्यात बँकेने माझी देवासला बदली केली. धारच्या घरी पेढे वाटावेत असं त्यात काही नव्हतं. धारहून इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून पुढे देवास पस्तीसेक. शनिवारी दुपारी निघालं की रात्रीच्या जेवणाला घरी, एवढाच हिशेब. पण मी मनातून हरखलो होतो. कुमार गंधर्वांच्या गावात राहायला मिळणार होतं. त्याच वर्षी 12 जानेवारीला ते गेले होते, तरीही. रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी जाऊन ‘भानुकुल’ बाहेरून पाहून आलो. फाटकाशी पाच मिनिटं उभा राहिलो. कडी वाजवायचा धीर झाला नाही.

आमचं घर पवारांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांपैकी. घरात मराठी, दाराबाहेर माळवी, शाळेत हिंदी. संध्याकाळी हरिपाठ, रविवारी पोहे-जिलेबी. माझी गाण्याची शिकवणी एका स्थानिक मास्तरांकडे झाली, पण खरं शिक्षण कुमारजींच्या ध्वनिमुद्रिकांवर. त्यांचं निर्गुणी भजन मी कॉलेजच्या स्पर्धेत म्हणायचो. ती एकदम फेकलेली सुरावट, तो मध्येच तुटणारा स्वर, सगळं हुबेहूब. दोनदा पहिला आलो. ते कप आजही धारच्या कपाटात आहेत, एकाचा कान निखळलाय.

देवासात कुमारजींची गोष्ट रिक्षावालाही सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा लिंगायत मुलगा, शिवपुत्र कोमकाळी. मठाच्या स्वामींनी लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. मुंबईत देवधर मास्तरांकडे गाणं शिकले, तिथेच शिकवलं, भानुमतीबाईंशी लग्न केलं आणि लगेच क्षयाने गाठलं. कोरडी हवा हवी म्हणून 30 जानेवारी 1948 ला, नेमक्या गांधीजी गेले त्या दिवशी, ते देवासला आले. पुढची पाच-सहा वर्षं गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने वाचले. अंथरुणात पडून ऐकायला होत्या त्या दळताना, लग्नात, सणाला गाणाऱ्या माळवी बायका. आणि एक दिवस रस्त्यावरून भजन गात गेलेला एक जोगी. त्याचा आवाज ऐकून कुमारजी उठून बसले आणि निर्गुणी गाण्याची वाट त्यांना तिथून दिसली, असं सांगतात. देवासातल्याच शीलनाथ महाराजांच्या धुनीवर गायल्या जाणाऱ्या भजनांचं पुस्तकही त्यांनी जवळ केलं होतं.

ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती आणि दर वेळी ती कुमारजींपाशी येऊन संपायची. जोगी भिक्षा घेऊन पुढे गेला, गेला. तो कुठला, कोणाकडून शिकला, का गात होता, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही.

आमच्या शाखेत एक दफ्तरी होते. खातेवह्या कपाटातून काढून टेबलावर आणणं, संध्याकाळी परत लावणं, व्हाउचरांचे गठ्ठे शिवणं हे त्यांचं काम. पन्नाशीचे, काटक, मितभाषी. सगळे त्यांना दफ्तरीजी म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा धुताना सवयीने गुणगुणत होतो, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले.

“साब, ये तो हमारा भजन है.”

मी म्हटलं, हे कुमारजींचं आहे. त्यांनी नम्रपणे मान डोलावली. मग म्हणाले, दोन तारखेला संध्याकाळी मोकळे असाल तर माझ्याबरोबर चला.

‘एकलव्य’ ही शिक्षणात काम करणारी संस्था. तिच्या देवासच्या कार्यालयात 1991 पासून दर महिन्याच्या दोन तारखेला ‘कबीर भजन एवं विचार मंच’ भरायचा. गावोगावच्या मंडळ्या यायच्या, बसने, सायकलने, कोणी ट्रॅक्टरवर बसून; तंबुरे जुन्या लुगड्याच्या खोळीत घातलेले. बहुतेक सगळे शेतमजूर, अल्पभूधारक, एखाद-दुसरा शाळामास्तर. बहुतेक दलित. रात्रभर गाणं आणि मध्ये मध्ये बोलणं. लुन्याखेडीचे प्रह्लादसिंह टिपाणिया त्या मंचाशी जोडलेले होते. तेव्हा ते शाळामास्तर होते, पद्मश्री 2011 ची.

माळव्याचा तंबुरा हा आपल्या मैफलीतला तानपुरा नव्हे. पाच तारांचा, खांद्याला टेकवून उभा धरायचा. एका हाताने ठेक्यात छेडायचा आणि दुसऱ्या हातात करताल. तानपुरा मागे बसून सूर देतो. हा पुढे बसतो, लयही तोच हाकतो. साथीला ढोलक, मंजिरी, कुठे टिमकी, आणि चक्क व्हायोलिन. मला पहिला अर्धा तास नुसता गोंगाट वाटला, हे कबूल केलं पाहिजे. मी सम शोधत होतो.

मंचाची रीत अशी की नुसतं गाऊन भागत नसे. हे भजन तुला कोणी दिलं, तुझ्या जगण्यात त्याचं काय झालं, यावर बोलणं निघायचं. संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यांना जातपात आणि पोथीपंडित झोडणारा कबीर हवा असायचा. गायकांचा ओढा आतल्या कबीराकडे. गुरू, श्वास, शून्य आणि अनहद, म्हणजे कोणी न वाजवता वाजणारा नाद. यावर मध्यरात्रीपर्यंत वाद चालत. कार्यकर्ते म्हणायचे की एवढं गाऊनही घरात तुम्ही मुलीला शाळेत घालत नाही. गायक म्हणायचे की तुम्ही कधी घटकाभर डोळे मिटून बसलात का? मला दोन्ही बाजू पटायच्या, आणि दोघेही एकमेकांना घाबरून आहेत असंही वाटायचं. पण माझ्या ओळखीतल्या एकाही मैफलीत गायकाला असं कोणी काही विचारलेलं मला आठवत नव्हतं. आम्ही घराणं विचारायचो.

त्या पहिल्या रात्री दफ्तरीजी बोलले. बँकेत दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस अर्धा तास बोलला.

लहानपणी ते मामाबरोबर दुसऱ्याच्या शेतावर रात्री राखणीला जायचे. रानडुकरं येऊ नयेत म्हणून मामा रात्रभर गायचा. भजनं अशी कानावरून शिकले. मग वाटलं की ही विसरून जातील, लिहून ठेवावीत. पण लिहिता येत नव्हतं. सोळाव्या वर्षी गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून अक्षरं शिकले, तीही बाहेर ओट्यावर बसून. पहिली वही भजनांची. त्या वहीमुळे अक्षर वळणदार झालं आणि त्या अक्षरामुळे बँकेत चिकटले. “कबीर साहब ने मेरेको नौकरी लगाई,” ते म्हणाले आणि सगळे हसले.

मग सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. चार वर्षांची मुलगी तापाने गेली. त्या रात्री मंडळी आली. कोणी समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. अंगणात बसून पहाटेपर्यंत गायले. देह म्हणजे मातीचं भांडं, म्हणजे उधारीचं कापड, अशी भजनं. जी मी स्पर्धेत म्हणायचो. तिसऱ्या-चौथ्या भजनाला दफ्तरीजींनी स्वतः तंबुरा ओढून घेतला. त्या दिवसापासून दारू सुटली. “सोडली नाही, सुटली,” असा फरक त्यांनी केला.

देवावर विश्वास आहे का, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, बायको नवरात्रात टेकडीवर जाते, मोठी माता, छोटी माता दोन्ही करते. मी बरोबर जातो. खाली चपला सांभाळतो.

मग माझ्याकडे वळून एका म्हाताऱ्या गायकाने गायला सांगितलं. मी गायलो, कुमारजींसारखं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, मन लावून. संपल्यावर म्हातारा म्हणाला, आवाज छान आहे. मग अगदी सरळपणे, उलटतपासणीचा भाव नसताना, विचारलं:

“बाबूजी, ये जो अनहद गाया आपने, वो बजता कहाँ है?”

दहा वर्षं मी तो शब्द गात होतो. त्याच्यावर कुमारजी कोणत्या स्वराने येतात, किती थांबतात, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, माहीत नाही. म्हातारा खुशीत हसला. “आपको भी नहीं मालूम? तो बैठो.” आणि बिडी पुढे केली.

यातून कुमारजींना कमी लेखायचं नाही. उलट धुनीच्या त्या परंपरेजवळ ते ज्या गांभीर्याने गेले तसं आमच्यापैकी कोणीच गेलं नाही. टेकडीवर बळीसाठी नेलेल्या बोकडाचं दुःख ज्याने बंदिशीत आणलं आणि त्यासाठी मधसुरजासारखा राग बांधला, तो माणूस दारावरून जाणाऱ्याला नुसती भिक्षा घालून परतणारा नव्हता. आम्ही त्यांचं गाणं उचललं, उठून बसणं तेवढं उचललं नाही.

दुसऱ्या एका दोन तारखेला एक तरुण गायक बोलला. मोठ्या घरी भजनाला बोलावतात, सत्संगाची वाहवा करतात आणि मग चहा येतो तो आमच्यासाठी वेगळ्या कपात. कान तुटलेला कप आला की समजायचं. तो रागाने बोलत नव्हता, पावसाबद्दल बोलावं तसा बोलत होता.

मला धारचं घर आठवलं. आजी चोखोबाचे अभंग म्हणायची आणि तिचे डोळे भरून यायचे, खरोखर भरून यायचे. त्याच आजीला अंगणात लाकडं फोडायला आलेल्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतताना मी पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी.

आणि सोमवारी शाखेत गेलो तेव्हा माठाशेजारचा खिळा दिसला. म्हणजे तो रोजच तिथे होता. खिळ्याला दोरीने अडकवलेला स्टीलचा एक गिलास. चहावाला पोरगा अकरा कप टेबलाटेबलावर ठेवायचा आणि उरलेला चहा त्या गिलासात ओतायचा. दोन महिने मी त्या खोलीत बसत होतो. मी पोराला म्हटलं, उद्यापासून बारा कप आण. दफ्तरीजींनी ऐकलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “रहने दो साब. इसमें ज़्यादा आती है.” मी हसलो आणि राहू दिलं. पोराने दुसऱ्या दिवशीही अकराच कप आणले आणि मी काही बोललो नाही. हे लिहिताना सोपं जात नाहीये.

1995 च्या थंडीत आजी गेली. दिवसकार्य झाल्यावर मी वडिलांना म्हटलं, एक रात्र भजन ठेवू या. त्यांना वाटलं गावातलं नेहमीचं भजनी मंडळ. मी म्हटलं, देवासहून येतील. वडील बराच वेळ सुपारी कातरत राहिले, मग म्हणाले, गडकालिकेच्या दर्शनाला जायचं असेल तर सकाळी रिक्षा सांगून ठेवतो. त्यांची संमती द्यायची पद्धत अशीच.

पाच जण आले. इंदूरला गंगवाल स्टँडवर बस बदलताना एका तंबुऱ्याची खुंटी निखळली होती, ती दफ्तरीजी ओसरीवर बसून बसवत होते. मी उत्साहाने पेटी काढून काळी एक धरून दिली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि तार त्याच्याखाली कुठेतरी लावली, दोन पट्ट्यांच्या मध्ये, जिथे माझ्या पेटीला जागाच नव्हती. म्हणाले, आज गळा इतकाच आहे. मी पेटीचा भाता बंद केला.

आईने चहा आणला. माझ्या लग्नातला, सोनेरी काठाचा सेट, जो व्याही आल्याशिवाय कपाटातून निघत नसे. सगळ्यांना तेच कप, वडिलांनाही, मलाही. मी आईकडे पाहिलं, तिने पाहिलं नाही. आजीच्या फोटोखाली बसून सगळे चहा प्यायले. थंडी कडक होती, कपातून वाफा येत होत्या.

पिऊन झाल्यावर दफ्तरीजी उठले, अंगणातल्या नळाशी गेले आणि आपला कप विसळू लागले. त्यांच्यामागे बाकीचे चौघे.

“राहू द्या हो भाऊ,” आई मराठीत म्हणाली, “मी घेते ना.”

“हो गया माताजी, हो गया.”

पाचही कप ओट्याच्या कडेला ओळीने पालथे घातले. मग हात धोतराला पुसत ओसरीवर येऊन बसले आणि तंबुरा खांद्याला लावला. वडील एवढा वेळ दारात उभे होते. ते आत गेले, स्वतःचा कप घेऊन आले, नळाखाली धरला. आयुष्यात पहिल्यांदाच कप विसळत असावेत. पाणी सगळं बाहीवर उडालं. त्या ओळीत सहावा कप पालथा ठेवून ते सतरंजीच्या टोकाला, बिनपाटाचे, खाली बसले.

साखीला सुरुवात झाली होती.