मागच्या बाकावरून

शिक्षकाने आयुष्यात एकदा तरी आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसून पाहावे. मला तो योग परवाच्या रविवारी आला. हिवरखेडच्या आमच्या शाळेतली एक खोली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दोन तासांसाठी मागून घेतली होती. ती आता परिचारिका आहे आणि नव्या परिचारिकांना शिकवते. काय शिकवते? तर तान्ह्या बाळाला सुई टोचताना त्याचे दुखणे कमी कसे करावे, हे! मला हसूच आले. बाळ म्हटले की रडणारच; त्यात शिकवायचे ते काय? पण खोलीची किल्ली माझ्याजवळ असल्यामुळे मलाही बसणे भाग होते.

तिने फळ्यावर खडूने एक इवलासा चेहरा काढला. भुवया आक्रसलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत खोल घडी. "हे वाचता आलं पाहिजे. मुठी, श्वास, पायांची झटापट, सगळं वाचायचं." बाराखडी मी तिला शिकवली होती, ही बाराखडी मला नवी होती.

मग चिंध्यांची एक बाहुली निघाली. जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन के, पाठोपाठ बीसीजी आणि काविळीची लस. म्हणजे जगाची पहिली ओळख सुईचीच! म्हणून आधी सगळे सामान हाताशी मांडून घ्यायचे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी द्यायचे, ते नीट दूध ओढू लागले की मगच सुई. आई जवळ नसेल तर दुसरीने दोन्ही तळव्यांत बाळाचे हातपाय अलगद गोळा करून धरायचे. डॉक्टरांनी सांगितले असेल तर साखरपाण्याचे मोजके थेंब दोन मिनिटे आधी जिभेवर.

"मंग आमच्या घुटीनं अन् मधानं काय घोडं मारलं, वो बाई?" दाराशी टेकलेल्या एका आजीबाईंनी विचारले.

"मध वर्षाच्या आत मुळीच नाही, आजी. अन् साखरपाणी हे त्या घडीपुरतं औषध. घरी पाजायचं नाही."

तान्ह्याला दुखत नाही, हा समज काही वऱ्हाडापुरता नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत विलायत-अमेरिकेतसुद्धा तान्ह्या बाळांवर नावापुरती भूल देऊन शस्त्रक्रिया होत. त्यांच्या नसा कच्च्या असतात असे विद्वान म्हणत, आणि भुलीचे भयही होते. इंदूरला वैद्यकी शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डला जाऊन १९८७ मध्ये दाखवून दिले, की वेदनाशामक औषध पुरेसे मिळालेली बाळे शस्त्रक्रियेचा ताण अधिक चांगला सोसतात. पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही लस टोचताना बाळाला कुशीत घ्या, अंगावर पाजा, असे सांगितले. आणि खेड्यातल्या बायांना हे काय जमणार, असे कोणी म्हणू नये. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९५ पासून साध्यासुध्या बायांनाच नवजात बाळांची शुश्रूषा शिकवली, आणि त्या बायांनी कितीतरी बाळे वाचवली.

ती बोलत होती आणि माझे मन बावीस वर्षे मागे गेले होते. माझा मुलगा जन्मला तो पिवळा पडला. दूरच्या एका दवाखान्यात त्याच्या टाचेतून पुन्हापुन्हा रक्त काढीत. आई पलीकडच्या खोलीत. "त्याले काय समजते, गुरुजी? पाय धरा घट्ट." मी धरले. त्या बाईंना मी बोल लावीत नाही. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. पण माझ्या मुठीत तो एवढासा पाय थरथरत होता, हे मला तर कळत होते ना! तरी मीही मनाला तेच सांगितले: याला काय समजते!

वर्ग संपला. तिने बाहुली माझ्यापुढे केली. "गुरुजी, तुम्ही धरून दाखवा."

मी धरली. जुन्या सवयीने, मुठीत.

"घट्ट नाही, गुरुजी. तो भिऊन पळणार आहे थोडाच? त्याला फक्त कळू द्या, की कोणी आहे."

दिवाळीला मुलगा घरी येईल. अभ्यंगाच्या पहाटे पाठीला तेल त्याची आई लावील. टाचांना मात्र मी लावणार आहे. "काऊन, बाबा?" असे तो विचारीलच. काय सांगावे, ते अजून ठरलेले नाही.