एका पहिल्यास एकच दुसरे

गणिताच्या पुस्तकात ‘फल’ हा शब्द भेटला की पुष्कळ वाचक पान उलटतात. वस्तुतः इंग्रजीत ज्याला फंक्शन म्हणतात, त्या फलाची पारख अगदी सोपी आहे. क्रमित जोड्यांचा संच समोर ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा : एखाद्या पहिल्या घटकास दोन निरनिराळे दुसरे घटक लाभले आहेत काय? कोठेही लाभले नसतील तर तो संच फल होय; एके ठिकाणी जरी लाभले असतील, तरी नव्हे.

(१, ४), (२, ४), (३, ५) या जोड्या पाहा. ४ दोनदा आला म्हणून नवशिका बिचकतो. पण पुनरुक्ती दुसऱ्या स्थानी आहे, तिला मज्जाव नाही. हे फलच आहे. याच जोड्या उलटवल्या तर (४, १), (४, २), (५, ३) असा संच होतो. आता ४ च्या वाट्याला १ आणि २ असे दोघे आले. हे फल नव्हे.

आम्ही बेळगावकर ही कसोटी स्वतःस लावून पाहतो. आमच्या घरात मराठी, माजघरात आजीची कोकणी, पेठेत कानडी. माणूस आणि त्याची भाषा अशा जोड्या मांडू लागलो, तर एकाच नावापुढे तीन भाषा येतात. जनगणनेला मात्र मातृभाषेच्या रकान्यात माणशी एकच नोंद हवी. म्हणून तिने व्याख्याच बांधून दिली : बालपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती मातृभाषा, आई तान्हेपणीच वारली असल्यास घरात मुख्यतः बोलली जाणारी. अशा रीतीने फल घडवले जाते. २०११ च्या जनगणनेत अवगत असलेल्या इतर भाषाही विचारल्या, पण त्या दोनपर्यंतच.

एका नोंदीने मोजदाद सुकर होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाभागाच्या वादात हेच आकडे पुराव्यादाखल पुढे केले जातात. ते मांडणाऱ्याने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, एवढे ध्यानी ठेवावे की त्या रकान्याने आमच्या उरलेल्या जोड्या गाळल्या आहेत, खोट्या ठरवलेल्या नाहीत. फल नसणे हा काही संचाचा दोष नव्हे. आणि आजीची कोकणी हा आमच्या मराठीचाही दोष नव्हे.