प्रियाराधन आणि हसू

विनोदी कथानकात प्रेमिकांची फजिती व्हावयाचीच. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. फजिती कोणाची होते आणि हसणारा कोण, एवढेच आम्ही पाहतो.

२०१० साली 'द बिग बँग थिअरी' या अमेरिकन दूरचित्रमालिकेत एमी फॅरा फाउलर ही मेंदुशास्त्रज्ञ प्रथम अवतरली. तिने वर्षातून एकदा एखाद्या पुरुषास भेटावयाचे. त्याबद्दल आईने लग्नाचा विषय काढावयाचा नाही आणि शिवाय आपली मांस भाजण्याची विजेची शेगडी वापरू द्यावयाची, असा मायलेकींचा करार! (शेगडीवाचूनही हा करार पत्करणाऱ्या उपवर मुली आमच्याकडे पुष्कळ निघतील.) एमी स्वमग्न आहे असे मालिकेने कधी सांगितले नाही; कित्येक प्रेक्षकांनी मात्र तसे मानले. पुढे ती प्रेमात पडते, आपली इच्छा सरळ शब्दांत बोलून दाखविते, आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. मायिम बियालिक यांचा अभिनय उत्तमच आहे. परंतु अशा स्त्रीला इच्छा असावी हीच मोठी गंमत, असे त्या हशाने गृहीत धरलेले असते.

'अॅज वुई सी इट' (२०२२) मधील व्हायोलेटची गोष्ट निराळी. आईबाप वारलेले, भाऊ व्हॅन हाच पालक. पंचविशीतल्या या मुलीला इतर मुलींसारखा प्रियकर हवा आहे. ती मोबाइलवरून पुरुषांशी ओळख करू पाहते, आणि इकडे भावाचा जीव टांगणीला लागतो. ही भूमिका करणाऱ्या सू ॲन पिएन स्वतः स्वमग्न आहेत. त्यामुळेच की काय, तिच्या हट्टात हसू आले तरी तो हट्ट पोरकट वाटत नाही. भावाची धास्तीही खोटी नव्हे. आमच्या घरांतून अशा मुलीचे लग्न बहुधा होत नाही, किंवा स्वभाव झाकून उरकले जाते. तिला काय हवे हे विचारण्याची पाळी दोहोंपैकी एकाही वेळी येत नाही. व्हॅन निदान भांडतो तरी तिच्याशीच.

'स्वमग्न' हा शब्दही आम्हांस खटकतो. ग्लासगो येथे घडणाऱ्या 'डायनॉसॉर' (२०२४) या मालिकेतील नीना मग्न आहे ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांत! ही भूमिका ॲशली स्टोरी या स्वमग्न विनोदी नटीची. नीनाची बहीण सहा आठवड्यांच्या ओळखीवर लग्न ठरवून मोकळी होते; नीनाला ते मुळीच पटत नाही. येथे हसे होते ते शहाण्यांच्या घाईचे. पुढे कॉफी विकणाऱ्या ली याच्याशी तिचा स्वतःचा परिचय वाढतो, तेव्हा तीही गोंधळते. पण तेवढी तर तिची बहीणही गोंधळली असेल.