तीन पिढ्यांची गोळी

रक्तदाबाची गोळी आमच्या घरात माझ्याही आधीपासून आहे. आजोबांच्या काळी ती सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीची होती. शहाद्याच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात तिची बाटली असे. आजोबांचं नाक कायम चोंदलेलं. एरवी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणारा हा माणूस मधूनच दिवस दिवस गप्प राही. वय झालं, असं सगळे म्हणत. नाक चोंदणं आणि मन खचणं हे दोन्ही त्या औषधाचेच परिणाम असू शकतात, हे मी फार पुढे वाचलं.

तरीही त्या मुळीबद्दल मला कृतज्ञताच वाटते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधाचा अनुभव मांडला आणि जगभरच्या डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. तोवर रोज सोसवेल असं औषध रक्तदाबाला जवळजवळ नव्हतंच.

वडिलांच्या वाट्याला एनालाप्रिल आली. दाब छान उतरला, पण कोरडा खोकला सुरू झाला. रात्री ते उशीला टेकून बसलेले असत आणि आई पाठ चोळत असे. मिरचीचा खाट म्हणून खिडक्या लावून झाल्या, काढे झाले, आमच्याकडे खोकला म्हटलं की होते ती क्षयाची तपासणीही झाली. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळी कोणती चालू आहे?’ गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. एवढा साधा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता माझी अ‍ॅम्लोडिपिन आहे, जोडीला टेल्मिसार्टन. पहिलीने संध्याकाळी घोटे थोडे सुजतात. दुसरीसाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम अधूनमधून तपासून घेतो. बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, ‘जन्मभर गोया खाईसन किडनी जाई ना?’ मी सांगतो, किडनी जाते ती मोकाट सोडलेल्या दाबाने. गोळीचा फायदा तर मोजूनही झाला आहे. अमेरिकेत रक्तदाब असलेल्या, साठी ओलांडलेल्या ४,७३६ जणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली आले. क्लोरथॅलिडोन या गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटले होते. त्याच माणसांचा मागोवा सुमारे बावीस वर्षं घेतला, तेव्हा उपचाराच्या दर महिन्यामागे आयुष्य साधारण एका दिवसाने वाढल्याचं दिसलं. त्याच क्लोरथॅलिडोनने सोडियम-पोटॅशियम उतरून म्हाताऱ्या माणसाला चक्करही येऊ शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच गोळीबरोबर तपासणी हवी.

मला काळजी वाटते ती गोळी सुटण्याची. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर दिवसभर उन्हात मिरची पसरणाऱ्या बायका, धडगाव-अक्कलकुव्याहून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी जोडपी. दाब दुखत नाही, डोकं शांत असतं, मग ‘आता बरं आहे’ म्हणून पाकीट तसंच राहतं. परमुलखात दवाखाना कुठे, हेच ठाऊक नसतं. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी तर एकदम तोडली की हृदयावर ताण येतो. नर्मदाकाठच्या पाड्यांपर्यंत तरंगता दवाखाना बोटीने जातो, पण पाडाच सहा महिने कामावर गेला असेल तर त्या बोटीने कुणाला गाठायचं?

म्हणून आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांना माझी विनंती आहे: दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आधी ज्यांना दाब आहे त्यांना गाठा, डॉक्टरांना सांगून पुढच्या महिन्यांच्या गोळ्या बांधून द्या आणि गोळीचं नाव लिहिलेला कागद पिशवीत ठेवायला सांगा. आणि वाचकहो, घरात गोळी घेणारं कुणी नव्याने खोकू लागलं, कुणाचे पाय सुजले, तर तुम्ही गोळी स्वतःहून बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बदलून मागा.