लघुग्रह २५९६ : बीडच्या जुन्या राज्यातले एक नाव

१/ मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात एक खडक सूर्याभोवती फिरतो आहे. क्रमांक २५९६, नाव ‘वेणू बाप्पू’. बीड जिल्ह्याच्या इतिहासात या नावाचा उल्लेख सहसा येत नाही. तो का यावा, हे सांगणारा हा धागा.

२/ शोधाची तारीख १९ मे १९७९. स्थळ चिलीमधील ला सिया वेधशाळा. शोधकर्ते डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड वेस्ट. त्या काळी आकाशाची छायाचित्रे काचेच्या पट्टीवर दीर्घकाळ प्रकाश पाडून घेत. तारे ठिपक्यांसारखे उमटत आणि सरकणारा लघुग्रह लहानशी रेघ ओढून आपली ओळख देई.

३/ प्रथम मिळाले ते तात्पुरते नाव : ‘१९७९ केएन’. ‘के’ म्हणजे मे महिन्याचा उत्तरार्ध, ‘एन’ म्हणजे त्या पंधरवड्यातील तेरावा शोध (या मोजणीत ‘आय’ हे अक्षर वगळतात). कक्षा निश्चित झाल्यावर कायमचा क्रमांक मिळतो. त्यानंतर शोधकर्ता नाव सुचवू शकतो आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघ ते मान्य करतो.

४/ १९७९ मध्येच वेणू बाप्पू या संघाचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. कावळूरची वेधशाळा आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था ही त्यांची उभारणी. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या घडणीचा आरंभ हैदराबादेत शोधावा लागतो. त्यांचे वडील तेथील निजामिया वेधशाळेत काम करीत. मुलाला दुर्बिणीची ओळख तेथेच झाली.

५/ ही वेधशाळा मुळात नवाब जफर जंग यांची खासगी हौस. १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली. पुढे तिने ‘आकाशाचा नकाशा’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात वाटा उचलला. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या या योजनेत जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेतले होते. चिलीतील सँटियागोचा अपुरा राहिलेला दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने पूर्ण केला.

६/ उन्हाळ्याच्या रात्री बीडमधून दक्षिणेकडे पाहिले, तर अनुराधा नक्षत्र दिसते. त्यातील वरचे दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात. बेगमपेठेत काचेवर उतरलेले आकाश बीडच्या शेतकऱ्याच्याही डोक्यावर होते.

७/ राज्यही तेच होते. निजामी कागदपत्रांत ‘भीर’ म्हणून येणारा हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. येथील शेतसाऱ्यातला अमुक रुपया वेधशाळेवर खर्च झाला, असे कोणी दाखवू शकणार नाही. मात्र वेधशाळेला पोसणारा सरकारी खजिना आणि शेतसारा जमा होणारा खजिना एकच होता.

८/ म्हणून निजामी राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाशी जोडली गेली. या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. बीडच्या मराठी घरातील मुलाला त्या दुर्बिणीपर्यंतची वाट किती अवघड असेल, हे यावरून कळते. राज्य त्याचे होते, खजिन्यात वाटा त्याचा होता, दार मात्र त्याच्यासाठी सहज उघडणारे नव्हते.

९/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. दहा महिन्यांच्या आत, २ जुलै १९४९ रोजी, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेलेल्या वेणू बाप्पूंना छायाचित्रात एक धूमकेतू दिसला. बाप्पू-बोक-न्यूकर्क हे त्याचे नाव. लघुग्रहाचे शोधकर्ते वेस्ट यांच्याही नावे एक धूमकेतू आहे. १९७६ मध्ये तो तेजस्वी दिसला होता.

१०/ १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. सीमा बदलल्या आणि हैदराबादच्या विज्ञानाचा वारसा तेलंगणाच्या खात्यावर पडला. मराठवाड्याच्या स्मरणात रझाकार राहिले, मुक्तिसंग्राम राहिला. ते राहिलेच पाहिजे. पण ज्या राज्याचा जुलूम आपण आपला इतिहास म्हणून सांगतो, त्याच राज्यातील ज्ञान परके कसे ठरेल? सारा भरणाऱ्यांचा त्या काचपट्ट्यांवरही हक्क आहे. तो मागायचा, तर आधी ती गोष्ट ठाऊक हवी.