त्रिकोणाची गर्दिश

आमच्या मालेगावावरून विमानं जातात, उतरत नाहीत. यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचा आवाजही खाली पोचत नाही. तेव्हा उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बी.एड. बाईने विमानाच्या इंजिनावर लेख लिहावा, हे वाचकांना नवलाचं वाटेल. पण इंजिन आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. अब्बा दुचाकीचे मिस्त्री. स्पार्क प्लग काढून त्याचं टोक उजेडात धरायचे आणि गाडीची तब्येत सांगायचे. टोक काळं म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे हवा जास्त, आणि बिस्किटासारखं तांबूस असेल तर गाडी खूश. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा पाव फेरा. याला ते ‘ट्यूनिंग’ म्हणत. तंबोरा जुळवणाऱ्यालाही हा शब्द परका वाटला नसता.

दोन वर्षांपूर्वी नववीत इंजिनाचे चार टप्पे शिकवत होते : ओढणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “टीचर, पिस्टन के बगैर इंजन नहीं चलेगा क्या?” हा मुलगा शाळा सुटली की गॅरेजात जातो. मी म्हटलं, चालतं. कसं ते उद्या सांगते. त्या रात्री वाचायला बसले ती आजतागायत उठलेली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

पिस्टन नसलेल्या या इंजिनाला वान्केल किंवा रोटरी इंजिन म्हणतात. शेंगेच्या टरफलासारखं मधे किंचित चिमटलेलं एक घर आणि त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण. त्रिकोण फिरतो तेव्हा त्याची तिन्ही टोकं भिंतीला सतत घासत राहतात आणि भिंत व त्रिकोण यांच्यातल्या तीन पोकळ्या लहानमोठ्या होत जातात. एका पोकळीत हवा-पेट्रोल येत असतं, तेव्हा दुसरीत ते दाबलं किंवा पेटलेलं असतं आणि तिसरीतून धूर निघत असतो. झडपा नाहीत, वर-खाली आपटणं नाही. त्रिकोणाचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या दांड्याचे तीन फेरे होतात. उर्दूत फिरण्याला ‘गर्दिश’ म्हणतात, आणि वाईट दिवसांनाही गर्दिशच म्हणतात. या इंजिनाच्या नशिबी दोन्ही अर्थ आले.

ते सुचलं फेलिक्स वान्केल या जर्मन माणसाला. जन्म १९०२चा. विद्यापीठाची पदवी नाही; नजर इतकी अधू की मोटार चालवण्याचा परवाना त्याने कधी घेतला नाही. तो नाझी पक्षात होता, हेही सांगितलं पाहिजे. बुद्धी आणि विवेक एकाच घरात राहतातच असं नाही. एन.एस.यू. कंपनीत १९५७ साली त्याचं इंजिन पहिल्यांदा चाललं. घर आणि त्रिकोण दोन्ही फिरवणारी त्याची गुंतागुंतीची रचना सोपी केली ती हान्स डिटर पाश्के या त्याच कंपनीतल्या अभियंत्याने, आणि आज आपण जिला वान्केल इंजिन म्हणतो ती ही सोपी रचना.

पुढची मेहनत जपानची. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९६१मध्ये परवाना घेतला आणि केनिची यामामोटो यांच्या हाताखाली तरुण अभियंत्यांचं पथक कामाला लागलं. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या भिंतीवर ओरखडे काढत. त्या खुणांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. पट्ट्यांचा धातू आणि घडण बदलत बदलत १९६७ साली दोन त्रिकोणांची कॉस्मो स्पोर्ट ही मोटार रस्त्यावर आली. १९९१ साली चार त्रिकोणांच्या माझदाने फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण पेट्रोल जास्त लागतं, धूर जास्त होतो, म्हणून मोटारींच्या जगात या इंजिनाचे दिवस फिरले. आर.एक्स.-८ ही गाडी २०१२मध्ये बंद झाली. २०२३ पासून माझदाने ते पुन्हा आणलं, पण चाकं फिरवायला नव्हे. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी भरायला.

मोटारींनी टाकून दिलेलं हे इंजिन उचललं कुणी? अमेरिकेत घरच्या शेडमध्ये विमान बांधणाऱ्यांनी. होय वाचकहो, घरी! तिथला कायदा सांगतो की, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी विमानाचं निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं, तर तपासणीनंतर ते ‘प्रायोगिक’ म्हणून उडवता येतं. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अशा हौशींची संघटना काढली. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश या गावी दरवर्षी उन्हाळ्यात त्यांची प्रचंड जत्रा भरते. शिक्षक, शेतकरी, सुतार, निवृत्त सैनिक, सगळे आपापलं विमान घेऊन येतात.

त्यातल्या काहींना माझदाचं १३बी इंजिन भावलं. दोन त्रिकोण, प्रत्येकी ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८. लहान विमानांत नेहमी दिसणारं लायकमिंग ओ-३२० हे इंजिन सव्वापाच लिटरचं आणि दीडशे-एकशेसाठ अश्वशक्तीचं. नीट जुळवलेलं १३बी आकाराने एवढंसं असून त्याच्या पंगतीला बसतं. मोडीतल्या गाडीतून निघतं, म्हणून स्वस्त. तुटायला झडपा नाहीत. मात्र ताकद काढायची तर त्याचा दांडा मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी पळवावा लागतो आणि पंखा इतक्या वेगाने फिरवला तर त्याची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात, ताकद वाया जाते. म्हणून मधे गिअर बसवतात. २.१७ला एक असं प्रमाण धरलं, तर सहा हजारांचे साधारण २,७६५ होतात. हा भागाकार मी वर्गात करून घेतला. दशांशाला एवढ्या आनंदाने भिडलेली नववी मी पूर्वी पाहिली नव्हती.

आता ट्यूनिंग. मोटारीच्या इंजिनाला मोटारीची सवय असते. विमानात त्याला तासन्‌तास ओझं ओढायचं असतं आणि वर हवा विरळ होत जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या तीस इंचांच्या आसपास, दहा हजार फुटांवर वीस-एकवीस. हवा कमी तर पेट्रोलही कमी हवं. म्हणून इंजिनाच्या संगणकात एक तक्ता असतो : आडव्या ओळींत फेरे, उभ्या रांगांत दाब, आणि प्रत्येक चौकटीत इंजेक्टरने किती वेळ उघडं राहायचं तो आकडा. ट्यूनिंग म्हणजे हा तक्ता भरणं. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. पुरी ताकद हवी तेव्हा मिश्रण याहून घट्ट, साडेबारा-तेराला एक. संथ उडताना बचत हवी तेव्हा पातळ.

आधी विमान जमिनीवर पक्कं बांधून इंजिन चालवायचं. पण उभ्या विमानात थंड हवा पुरेशी मिळत नाही, त्यामुळे जास्त वेळ ताणता येत नाही. या इंजिनाच्या उष्णतेचा मोठा वाटा तेलातून बाहेर पडतो. तेल गार करणारी जाळी लहान पडली की सगळं मुसळ केरात. उरलेल्या चौकटी वर जाऊन, धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत भरायच्या. धुराच्या नळीतला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मिश्रण सांगतो. विमानाच्या शिसं घातलेल्या पेट्रोलाने तो खराब होतो, म्हणून बरेच जण मोटारीचं साधं पेट्रोल वापरतात. त्रिकोणाच्या टोकांना वंगण मिळावं म्हणून कित्येक जण त्यात थोडं टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात. पोकळी लांबट आणि अरुंद, ज्योत सावकाश पसरते, म्हणून प्रत्येक त्रिकोणाला दोन प्लग. दुसरा पहिल्याच्या किंचित नंतर पेटतो. ठिणगी फार लवकर पडली आणि मिश्रण पातळ राहिलं, तर ते आपोआप भडकतं आणि टोकाची पट्टी तडकते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग पुढची. बी.एड.ला आम्हाला हीच प्रयोगाची पद्धत शिकवली होती. फरक इतकाच की इथे वही चुकली, तर खाली शेत असतं.

मी हे सगळं अब्बांना रोज थोडं थोडं सांगत असे. एप्रिल २०२०मध्ये बी.एस.-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेला. स्क्रूच नाही, तर फिरवायचं काय? मुलं स्कॅनर लावून दोष वाचू लागली. चाळीस वर्षांचा कान एकाएकी बेकार झाला, असं अब्बांना वाटे. बोलून दाखवत नसत, पण दुकानात उशिरा जाऊ लागले होते. त्यांना मी तक्त्याचं चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हे तर आमचेच पाव-पाव फेरे. यांनी ते लिहून ठेवलेत, आम्ही लिहिले नाहीत.” मग विचारलं, “आणि वर गेल्यावर यात बसतं कोण?” मी म्हटलं, ज्याने बांधलं तोच. अब्बा म्हणाले, “मग कामात खोट राहणार नाही.”

खोट राहते, अपघात होतात, माणसं जातात. अनुभवी बांधणारे सांगतात की फिरणारा त्रिकोण सहसा दगा देत नाही. दगा देतात पेट्रोलची नळी, पाण्याचा पाइप, विजेची एखादी तार. म्हणून शहाणी माणसं पेट्रोलचे पंप दोन ठेवतात, विजेची सोय दुहेरी करतात. पहिले चाळीस तास बहुधा ठरलेल्या हद्दीतच चाचणीसाठी उडावं लागतं, प्रवासी घेता येत नाहीत. आणि आत पाटी असते की हे विमान हौशी माणसाने बांधलं आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही. मला ही पाटी फार आवडली. सरकार माणसाला धोका लपवू देत नाही, आणि हातही बांधत नाही.

आपल्याकडे हात मोकळे व्हायला वेळ लागतो. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७मध्ये त्याची नोंदणी झाली. मधल्या खेपा किती, ते त्यांनाच ठाऊक. शिकलेल्या वैमानिकाची ही कथा. मिस्त्रीच्या पोराने काय करावं?

राइट बंधू सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या १९०३च्या विमानाचं बारा अश्वशक्तीचं इंजिन सहा आठवड्यांत ज्याने घडवलं, तो चार्ली टेलर सायकलच्या दुकानातला मिस्त्री होता. अमेरिकेत आता त्याचा जन्मदिवस, २४ मे, विमान-तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या पुस्तकात राइट बंधू आहेत, टेलर नाही.

दरवर्षी नववीनंतर माझ्या वर्गातली काही मुलं गॅरेजात नाहीतर मागावर जातात. घरी पैसा नसतो. त्यांच्या वडिलांना दोष देणं मला जमत नाही. शाळा त्यांना ‘गळती’ म्हणते. मी आता एवढंच करते : जाणाऱ्या प्रत्येकाला एक चौकटींची वही देते. गाडी कोणती, तक्रार काय, काय बदललं, पुढे काय झालं, रोज चार ओळी, उर्दूत लिही, मराठीत लिही, हवं तर चित्र काढ. आतापर्यंत अकरा वह्या दिल्या. दोन मुलं त्या भरून घेऊन आली. एकीत चौदा गाड्यांची नोंद आहे आणि शेवटच्या पानावर प्लगच्या टोकांचे तीन रंग खडूने रंगवलेत. ती वही अब्बांनी ठेवून घेतली आहे, आणि सध्या त्यांनी स्वतःची एक सुरू केली आहे.